कोर्ट उठेपर्यंत

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला फारसं कधी वाटलं नाही. तुमच्या तिथीला आई पान वाढायची, ती गेल्यापासून मी वाढते, हात जोडते आणि आपल्या कामाला लागते. पण गेल्या मंगळवारी आमच्या कोर्टात एक केस निघाली आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात सारखी तुमच्याशीच बोलते आहे. भाजी निवडताना बोलते, रिक्षात बसल्यावर बोलते. आज दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी आहे. हे पहिल्या पाळीला गेलेत, तीन वाजेपर्यंत घरात कोणी नाही. तेव्हा म्हटलं, एकदा कागदावर लिहून काढावं.

मी पालघरच्या कोर्टात नोकरीला लागले हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी लागले. आता बेंच क्लार्क आहे. मॅजिस्ट्रेटच्या समोर, खालच्या टेबलाशी बसते. केसचे कागद वर द्यायचे, पुढची तारीख लिहायची, दिवसभरात प्रत्येक केसमध्ये काय झालं ते रोजनाम्यात उतरवायचं. तुम्ही ज्या कोर्टात उभे राहिला होता तेच हे कोर्ट, जागा तेवढी नवी. मी अर्ज केला तेव्हा आई म्हणाली होती, "दुसरी कुठली नोकरी नाय का मिळत?" मी म्हटलं, मिळत नाही. ते खरं होतं. पण ती जागा मला नको होती असंही नाही.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस आमच्याकडे ढिगाने येतात. बोईसरचे रिक्षावाले, कंपन्यांचे टेम्पोवाले, सुट्टीला समुद्रावर आलेले गाडीवाले, वाणगावच्या आतल्या पाड्यांवरचे मोटरसायकलवाले. हल्ली पोलीस तोंडात नळी धरून फुंकायला लावतात, मशीनमधून चिठ्ठी निघते, ती कागदांना टाचलेली असते. पट्टेवाला नाव पुकारतो, माणूस हात जोडून पुढे येतो. गुन्हा कबूल आहे का? हो मॅडम. दंड, काही महिने लायसन बंद, पुढचा. जे कबूल करत नाहीत त्यांच्या केसेस वर्षानुवर्षं चालतात आणि बऱ्याचशा सुटतात. रक्त उशिरा काढलेलं असतं, डॉक्टर बदली होऊन गेलेला असतो, पंच म्हणतात आम्हाला आठवत नाही. आणि काही जणांना ती शिक्षा होते जी तुम्हाला झाली. कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं, आणि साडेपाचला साहेब उठले की आपणही उठून घरी जायचं. नवीन लागलेल्या मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. मी हसत नाही, पण का ते त्यांना कधी सांगितलं नाही.

तो दिवस मला नीट आठवतो. मी चौदा वर्षांची, नववीची परीक्षा नुकतीच संपलेली. शेजारी हळद होती. तुम्ही सकाळपासून तिकडेच होता. आधी ताडी झाली, मग बाटली आली. बाराच्या सुमाराला येऊन ओटीवरच्या खाटेवर आडवे झालात. दुसऱ्या पाळीची माणसं घेऊन दोनला कंपनीची बस काढायची होती. आई म्हणाली, "राहू दे त्यांना. शेजारच्या फोनवरून कळवू, बरं नाय म्हणून." पण दोनच आठवड्यांपूर्वी बसच्या ठेकेदाराचा माणूस दारात येऊन सांगून गेला होता की आता एक जरी खाडा झाला तर दुसरा डायव्हर ठेवू. तुम्ही मागे एकदा घरी बसला होता तेव्हाचे ते चार महिने मला माहीत होते. रोजची भांडणं, आईचं भिंतीकडे तोंड करून जेवणं. ते परत नको होतं. म्हणून मी तुम्हाला उठवलं. आईचं न ऐकता मी उठवलं. तोंडावर पाणी मारलं, लिंबू पिळून काळा चहा दिला, खाकी शर्टाची बटणं लावून दिली. तुम्ही पायरीवर एकदा अडखळलात, सावरलात आणि म्हणालात, "बरोबर केलंस पोरी. तू होतीस म्हणून." तुम्ही माझं असं कौतुक फार वेळा केलं नाहीत. त्यामुळे ते वाक्य विसरायची सोय नाही.

सरावलीच्या वळणावर बस रस्ता सोडून खाली गेली. तिथे एका चाळीचं बांधकाम चालू होतं. विटा वाहणाऱ्या बाया जेवणानंतर रस्त्याकडेच्या नळावर पाणी भरत होत्या. बाकीच्या पळाल्या, एक सापडली. वाणगावच्या आतल्या पाड्यावरची, लग्न होऊन वर्ष झालेली. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बसमधल्या कोणाला काही झालं नाही. लोकांनी तुम्हाला धरून ठेवलं, पोलिसांनी दवाखान्यात नेलं, रक्त घेतलं. संध्याकाळी हे सगळं आम्हाला एका कामगाराने येऊन सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि आत जाऊन चूल पेटवली. पुढे सगळा जन्म तिने तो विषय माझ्याशी काढला नाही. तिने मला बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

केस उभी राहायला दीड वर्ष गेलं. तुमचा वकील म्हणाला, रक्ताचा रिपोर्ट आलाय, साक्षीदार आहेत, लढून उपयोग नाही. कबूल करा, पहिलाच गुन्हा आहे, साहेब समजून घेतील. त्या दिवशी आई तापाने झोपलेली, म्हणून डबा घेऊन मी तुमच्याबरोबर आले होते. ती बाई कुबडीवर आली होती, नवऱ्याबरोबर. साहेबांनी विचारलं, तुम्ही कबूल म्हणालात. साहेबांनी इंग्रजीत काहीतरी लिहिलं, वाचलं, तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलात. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. तिला काही कळलं नाही. तिने पट्टेवाल्याला विचारलं, "आता काय?" तो म्हणाला, "आता काय नाय. दंड झालाय. तो बसंल संध्याकाळपर्यंत." ती म्हणाली, "आन मग?" पट्टेवाला म्हणाला, "मग जाईल घरी."

नवरा तिला चल म्हणत होता. ती गेली नाही. समोरच्या बाकावर बसून राहिली, तुमच्याकडे बघत. दुपारी व्हरांड्यात तुम्ही डबा खाल्लात. भाकरी आणि सुकट होती. भिंतीकडे तोंड करून, पण पूर्ण खाल्लात. मी माझी भाकरी परत गुंडाळून ठेवली आणि तुम्ही डब्याच्या कडेला लागलेलं बोटाने पुसून घेत होता. चार वाजता पंख्याखाली तुमची मान खाली आली. तुम्ही झोपलात, बाबा. पट्टेवाल्याने खांद्याला हात लावून उठवलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिला राग आलेला दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, एखाद्या जिन्नसाची जत्रेत किंमत ऐकून आपण मागे सरतो आणि तरी बघत राहतो तशी. परत येताना तुम्ही म्हणालात, "मैत्रिणींना सांगू नको." मी सांगितलं नाही.

तुम्ही त्यानंतर बस चालवली नाहीत. सायकलसुद्धा हातात धरून न्यायचात. लोकांच्या चिकूच्या वाड्यांत कामाला जायला लागलात. दारू दोन वर्षं बंद होती, मग हळूहळू परत सुरू झाली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लोकांना तुमची गोष्ट सांगताना मी ते गाळत आले. पण महिन्यातल्या एका रविवारी तुम्ही सकाळी पिशवी घेऊन निघायचात. आई त्यात चिकू भरायची, वांगी, तांदूळ, कधी माझा जुना फ्रॉक, कारण त्या बाईला मुलगी झाल्याचं कानावर आलं होतं. "पाड्यावर जाऊन येतो," म्हणायचात. संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन यायचात. आई विचारायची, कशी आहे ती? तुम्ही म्हणायचात, "बरी हाय. काय बोलत नाय." दोनतीन वर्षं चाललं हे. घरात कोणी जास्त खोदून विचारलं नाही.

त्या रविवारांवर मी खूप काही उभं केलं होतं. नवऱ्याला लग्नाआधी तुमची केस सांगितली तेव्हा शेवटी हे सांगितलं. मुलगा दहावीला गेल्यावर त्याला सांगितलं. कोर्टात एखादा माणूस संध्याकाळी बाकावरून उठून पँट झटकत निघाला की मी मनाशी म्हणायची, लिहिलेली शिक्षा वेगळी आणि माणूस स्वतः भोगतो ती वेगळी. माझ्या वडिलांनी ती भोगली. असं म्हटलं की मला पुढचं नाव लिहिता यायचं.

मंगळवारी पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक मुलगा उभा होता. बोईसरला कंपनीत ठेक्यावर कामाला. दारू पिऊन मोटरसायकल चालवली, एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला उडवलं. म्हाताऱ्याला खरचटण्यावर निभावलं. पण मुलाची ही दुसरी वेळ, आधीचा दंड कागदावर होता. त्याने कबूल केलं. आमच्या मॅडम नव्या आहेत, मराठवाड्यातून बदलून आलेल्या, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. शिक्षेबाबत काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं. वकील नेहमीचं बोलला. तरुण आहे, घरात कमावणारा एकटा, वडील हयात नाहीत, आई अपंग आहे, तिच्याकडे बघून दया दाखवावी. आणि आईला उभं राहायची खूण केली. मागच्या बाकावरून एक बाई उठली. नकली पायाला उठताना जोर द्यावा लागतो, तसा तिने दिला. मी तिला ओळखलं नाही, परत मान खाली घालून लिहायला लागले. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला काही सांगायचंय का?"

ती म्हणाली, "सांगायचं हाय. वकील म्हनतो माजा पाय बघून ह्याला सोडा. माजा पाय दारूवाल्यानीच घेतला. बस व्हती कंपनीची. ह्याच कोर्टात त्याचा न्याय झाला. त्याला बसवला व्हता, असाच, बाकड्यावर. तो जेवला, झोपला न घरी गेला. मी समोर बसून बघत व्हते."

मुलगा म्हणाला, "आये, गप ना."

"तू गप. मॅडम, गेल्या टायमाला याचा दंड मीच भरून आनला. त्यानी काय झाला? आता ह्याला बसवू नका. बसून काय नाय होत. कोनाचा पाय जाईल, न मंग त्याची आय हितं येऊन बसंल माज्यावानी."

वकील कागद चाळत होता. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शिक्षा त्याने केलेल्या गुन्ह्याचीच देता येते मावशी. तुमच्या पायाची नाही." ती म्हणाली, "माजं नायच मागत मी." मॅडमनी सात दिवसांची साधी कैद दिली, दंड आणि लायसन बंद. मी रोजनाम्यात लिहिलं, आरोपीने गुन्हा कबूल केला, शिक्षेबाबत ऐकले, निकाल दिला. तिचं बोलणं 'ऐकले' या एका शब्दात गेलं. त्याहून जास्त लिहायची पद्धत नाही. माझं अक्षर वाकडं आलं, ओळीखाली गेलं. शेजारचा क्लार्क म्हणाला, "ताई, बरं नाही का?" मी म्हटलं, उकडतंय.

दुपारच्या सुट्टीत मी बाहेर गेले. मुलाला पोलीस घेऊन गेले होते. जाताना त्याने आईकडे वळून पाहिलं नव्हतं. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. मी माझी पाण्याची बाटली दिली. ती वरून तोंडात धार सोडून पाणी प्यायली आणि तिने बाटली परत केली. म्हणाली, "बाय, तू ती लिवनारी ना? सात दिवस म्हंजे सातच ना? वाढवत नाय ना कोन?" मी म्हटलं, सातच. "मारतात काय आत?" मी म्हटलं, नाही मारत. मला खरं माहीत नाही, पण म्हटलं. तिने पदराने तोंड पुसलं. "तवा बोलले खरी, आता छातीत धडधड करतं. पोर बोलंल काय माज्याशी परत? चांगला केला का वायट केला, तूच सांग." इतकी वर्षं मी शिक्षा लिहिते आहे बाबा, शेकड्यांनी लिहिल्या असतील. मी तिच्याशेजारी बसले.

बसल्यावर मला विचारल्याशिवाय राहवेना. मी म्हटलं, "मावशी, तो बसचा ड्रायव्हर, तो नंतर कधी भेटला तुम्हाला? आला कधी घरी?"

"कोन, तो?" ती म्हणाली. "नाय. तो येईल असा वाटला व्हता मला. दोन पावसाळे वाट बघितली. मानूस येतो ना, हात जोडतो. तो आला तर त्याला काय काय बोलायचं ते सगळा ठरवून ठेवला व्हता मी. चुलीपाशी बसून पाठ केला व्हता. माजा मालक म्हनायचा, कशाला येईल तो, मार खायाला? नाय आला. मंग मी इसरले काय बोलायचं ते."

"कोणाच्या हाती काही पाठवलं पण नाही? तांदूळ, चिकू?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "चिकू कशाला पाठवंल?" म्हणाली.

तर बाबा, तुम्ही त्या रविवारी कुठे जात होता? मी मंगळवारपासून हाच विचार करते आहे. पिशवी रिकामी यायची हे खरं. मी स्वतः ती उलटी करून वाळत घातली आहे. पाड्याच्या वाटेपर्यंत जाऊन परत फिरत होता का? की वाणगाव स्टेशनच्या बाकावर दिवसभर बसून राहायचात, पिशवी कोणालातरी देऊन? की तेव्हाच परत प्यायला लागला होता आणि चिकू गुत्त्यावर जात होते? मला यातलं कुठलंही खरं वाटतं आणि कुठलंही खोटं वाटतं. आईला माहीत होतं का? ती तांदूळ निवडून भरायची. खडे काढून भरायची. फ्रॉकची उसवलेली शिवण घालून भरायची.

मला तुमचा राग आला. तो यायला तीस वर्षं लागली. पण त्या बाकावर तिच्याशेजारी बसले असताना दुसरंही एक वाटत होतं. तुम्हाला सात दिवस मिळाले असते तर तुम्ही गेला असता का तिच्या दारात? कदाचित तुरुंगातून सुटलेल्या माणसाला तोंड दाखवता येतं. दिवसभर बसून, जेवून, झोपून घरी आलेल्या माणसाला नाही दाखवता येत. की ही पुन्हा माझीच तुमच्यासाठी शोधलेली सबब आहे? मी वकील झाले असते तर तुमच्यासाठी फार बोलले असते, एवढं खरं.

तिची बस अडीचची होती. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. पुढच्या मंगळवारपर्यंत घरात एकटीच आहे, म्हणाली, पोरगी सासरी असते. मुलगा सुटेल त्या दिवशी तुरुंगाच्या दारात जाऊन उभं राहायचं का घरीच थांबायचं, हे तिचं ठरत नव्हतं. मी म्हटलं, जा मावशी, उभ्या राहा. एवढं एक मी तिला ठामपणे सांगितलं. तिने माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता आणि गरम. म्हणाली, "तू लय मायेची हाय गं. कुटली तू?" मी सासरचं गाव सांगितलं. "न म्हायेर?"

आपल्या गावातूनच ती बस सुटायची, हे तिला माहीत असणार. ड्रायव्हर कुठला, हे तिला त्या वेळी दहा जणांनी सांगितलं असणार. इतक्या वर्षांत तिला जे बोलायचं होतं ते ऐकायला निदान मी तरी समोर होते. तिने हात धरलेलाच होता, बस अजून आली नव्हती, आणि मला कसली घाई नव्हती.

मी म्हटलं, "लांब आहे मावशी. गुजरातकडे."